एक मात्रा अधिक

ह्या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच की, मी येथे शब्दांच्या गोष्टी सांगत असतो. दिवाळी अंकासाठी सणाला साजेसे काही लिहावे असे संपादकांनी कळवले होते, आणि मीही 'फराळ' ह्या शब्दाची कुळकथा मनाशी जुळवून ठेवली होती. परंतु कागद पुढे ओढला आणि लेखणी आपोआप दुसऱ्याच शब्दाकडे वळली. तो शब्द 'मात्रा'.

ह्याला कारण गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या घरी गुदरलेला प्रसंग. तो लिहू की नको, असे मी वर्षभर घोळवीत होतो. शेवटी जिच्यावर तो गुदरला तिलाच, म्हणजे आमच्या आईला, विचारले. ती म्हणाली, "लिही की! चार घरी उपयोग होईल. फक्त माझं वजन तेवढं लिहू नकोस." ही अट वाचकांना आता विचित्र वाटेल, पुढे वाटणार नाही.

वर्गात मी वृत्ते शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो की, लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ओळीत एक मात्रा अधिक झाली की कान चटकन सांगतो, कुठेतरी बिघडले आहे. वैद्यांचीही मात्रा असते. ती सहाणेवर उगाळून देतात, आणि ती लागू पडली की रोगी उठून बसतो. घरात कोणी ऐकेनासे झाले की आपण म्हणतो, ह्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही. एकच शब्द कवीच्या, वैद्याच्या आणि गृहिणीच्या घरी सारख्याच सहजतेने नांदतो, ह्याचे मला मोठे कौतुक वाटे. मात्र कवितेतली मात्रा चुकली तर फार तर टीकाकार रागावतो. औषधातली चुकली तर काय होते, हे मला ठाऊक नव्हते.

दिवाळीपूर्वीची साफसफाई चालली होती. आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरचे डबे खाली काढले होते. मी पुस्तकांवरची धूळ झटकण्याच्या निमित्ताने पुस्तके वाचीत बसलो होतो. आईने नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कपाट आवरायला घेतले. नानांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. शेवटचे सात-आठ महिने कर्करोग त्यांच्या हाडांत उतरला होता, आणि त्या काळात मॉर्फीनच्या गोळ्यांनी त्यांना जो आराम दिला त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. आधी कण्हत रात्र काढणारा माणूस गोळी घेतल्यावर वर्तमानपत्र मागू लागला, नातवंडांशी पत्ते खेळू लागला. ते गेल्यावर त्यांचा चष्मा, त्यांची घड्याळे आणि त्यांच्या औषधांचा बिस्किटांचा डबा, सारे आईने त्या कपाटात तसेच ठेवले होते. त्या डब्याला हात लावण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. खरे म्हणजे, उरलेली औषधे ही फेकायची वस्तू आहे असे आपल्याकडे कोणाला वाटतच नाही. पैसे मोजून आणलेली असतात. 'असू देत, कधी लागतील'.

रात्री साडेनऊच्या सुमारास न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडे दुपारची जेवणाची सुट्टी असते, आणि त्या वेळात ती आईशी चेहरा पाहून बोलते. मी म्हटले, "आई आज लवकर झोपली गं. दमली असेल. पुष्कळ दिवसांनी इतकी गाढ झोप लागली आहे, उठवत नाही तिला."

तेवढ्यात सौभाग्यवती आतून आल्या आणि म्हणाल्या, "आईंचं घोरणं मला बरं वाटत नाही. असं कधी घोरत नाहीत त्या. मध्येच थांबतंय."

बहिणीने तिकडून ते ऐकले. तिचा आवाज एकदम बदलला. "दादा, फोन आईजवळ ने. तिला हाक मार. जोरानं."

मी हाक मारली. आईने डोळे किंचित उघडले, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मिटले. उशाशी पाण्याचा तांब्या होता आणि त्याच्याशेजारी नानांच्या गोळ्यांची पट्टी. तीन घरे रिकामी होती. पट्टीवर लिहिले होते ३० मिलिग्रॅम.

"तिच्या डोळ्यांत विजेरी दाखव," बहीण म्हणाली. "बाहुल्या केवढ्या आहेत?" टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. "आता घड्याळ लाव आणि मिनिटभर श्वास मोज." मी मोजले. सात. धडधाकट माणूस निवांत बसला असता मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, हे मला नंतर कळले. पण सात हा आकडा ऐकून सातासमुद्रापलीकडची बहीण क्षणभर गप्प झाली, त्यावरूनच मी काय ते समजलो. "वहिनी, तुम्ही १०८ ला फोन करा, अॅम्ब्युलन्स बोलवा. दादा, तू दिल्लीला विषबाधेच्या केंद्राला फोन लाव. मी नंबर सांगते."

माझ्या बहिणीला हे कसे ठाऊक? ती डॉक्टर नाही, हिशेबनीस आहे. तिचा मुलगा दोन वर्षांचा असताना नव्या बुटांच्या खोक्यात निघालेली पुडी त्याने फोडून चघळली होती. तिने घाबरून तिथल्या विषबाधा केंद्राला फोन केला. तिकडून एका बाईंनी शांतपणे पुडीवर काय लिहिले आहे ते वाचायला सांगितले आणि म्हटले, हे दमटपणा शोषणारे सिलिका जेल आहे, विषारी नाही. फक्त ते घशात अडकले नाही ना, एवढे पाहा. तासाभराने त्याच बाईंनी आपण होऊन फोन करून मुलाची चौकशी केली. तेव्हापासून आमच्या बहिणीने तिथला नंबर आणि इकडचा नंबर, असे दोन्ही फोनमध्ये टिपून ठेवले होते. आम्ही त्या वेळी तिच्या ह्या अमेरिकन शिस्तीची थट्टा केली होती!

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे 'एम्स'मध्ये, १९९५ सालापासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. तिथला फोन रात्रंदिवस चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी नंबर फिरवला. पलीकडे एक तरुण आवाज होता. एरवी वर्गात शुद्ध भाषेचा आग्रह धरणारा मी. त्या रात्री मराठी, हिंदी आणि इंग्रजी ह्यांची जी खिचडी मी शिजवली ती देव जाणे. पण त्या आवाजाने ती निमूटपणे समजून घेतली.

त्याने प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांनी माझी परीक्षाच घेतली. वय? बहात्तर. वजन? आम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. नानांचे वजन दर आठवड्याला टिपलेले असे. आईचे कोणाला ठाऊक होते? कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती घेतल्या, केव्हा घेतल्या? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? मधुमेहाची, रक्तदाबाची आणि रात्री झोपेची अर्धी गोळी. झोपेची गोळी आज घेतली का? घेतली असावी. मूत्रपिंडाचा काही त्रास? "थोडा आहे," मी म्हटले, "डॉक्टर म्हणाले होते, लक्ष ठेवा." मग त्याने तितक्याच शांतपणे विचारले, "गोळ्या चुकून घेतल्या गेल्या की मुद्दाम?"

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ज्या घरात मी आईच्या हातचा चहा पिऊन रोज कॉलेजला जातो, त्याच घरात ती सुखी आहे की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नाही. मी म्हटले, "माहीत नाही." तो म्हणाला, "ठीक आहे. आता मी सांगतो तसे करा."

आईला कुशीवर वळवायला त्याने सांगितले, म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही. हाका मारीत राहा, खांदा हलवा, श्वास मोजीत राहा. थांबला तर काय करायचे तेही सांगितले. तोंडातून काही देऊ नका. नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. त्यांच्या लहानपणी घरोघरी हाच उपाय होता. पण ग्लानीत असलेल्या माणसाला ओकारी काढायला लावले तर ते फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो, आणि मिठाचे पाणी स्वतःच घातक ठरू शकते. काकूंना पेला खाली ठेवायला लावताना मला फार अवघड वाटले. शेवटी त्या आवाजाने सांगितले, "गोळ्यांची पट्टी सोबत न्या. आणि एक लक्षात ठेवा. इंजेक्शन दिल्यावर त्या कदाचित पाच मिनिटांत उठून बसतील. म्हणून त्यांना घरी आणू नका."

ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. कारण पुढे अगदी तसेच झाले.

अॅम्ब्युलन्समध्ये प्राणवायू लावला. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी पट्टी पाहिली, डोळे पाहिले आणि नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन शिरेत दिले. दोन-तीन मिनिटांतच आईने डोळे उघडले, सभोवार पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, चकल्यांची भाजणी तशीच राहिली!" आम्ही हसलो आणि रडलो. मला वाटले, संपले. आता सकाळी घरी जाऊ. पण पाऊण तासाने आईच्या पापण्या पुन्हा जड झाल्या, श्वास पुन्हा मंदावला. डॉक्टर तयारच होते. त्यांनी पुन्हा इंजेक्शन दिले आणि मग तेच औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने चालू ठेवले. मधल्या वेळात त्यांनीही दिल्लीच्या त्याच केंद्राशी बोलून घेतले. कारण तो फोन जसा तुमच्या-माझ्यासाठी आहे तसा डॉक्टरांसाठीही आहे. दोन दिवसांनी आई घरी आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला सारे समजावून सांगितले. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरला समजले त्या अर्थी ते कोणालाही समजेल. आपला श्वास आपण घेत नाही, मेंदूच्या तळचे एक केंद्र तो घेववते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की ते केंद्र जागे होते आणि 'घे श्वास' म्हणून हुकूम सोडते. मॉर्फीन वेदना शमवते ती मेंदूतल्या ज्या कुलपांत स्वतःची किल्ली बसवून, तशीच कुलपे ह्या श्वासाच्या केंद्रातही असतात. मात्रा वाढली की केंद्राला गुंगी येते. वायू साचतो आणि हुकूम सुटत नाही. माणूस धडपडत नाही, ओरडत नाही. शांत झोपल्यासारखा दिसतो, घोरतो, आणि घोरता घोरता थांबतो. गाढ ग्लानी, मंद श्वास आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की डॉक्टर अफूच्या कुळातल्या औषधाचा संशय घेतात. नॅलॉक्सोन त्याच कुलपांत शिरून मॉर्फीनला बाहेर ढकलते. मात्र त्याचा अंमल साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो, आणि मॉर्फीन रक्तात वाट पाहत असते.

"पण नाना ह्याच गोळ्या दिवसाला पाच-सहा घेत होते," मी म्हटले.

"त्यांना थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत नेलं होतं. शरीर सरावतं," डॉक्टर म्हणाले. "आईंचं शरीर कोरं होतं. त्यांची मूत्रपिंडं कमजोर. मॉर्फीनपासून यकृतात जे पदार्थ बनतात त्यांतला एक फारच प्रभावी असतो, आणि तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. तो साचत गेला. त्यात झोपेच्या गोळीची भर. तुमच्या वडिलांना जे औषध होतं, ते आईंना विष होतं. गोळी तीच."

संस्कृतात अफूला 'अहिफेन' म्हणतात, म्हणजे सापाच्या तोंडचा फेस. मूळ शब्द परदेशातून आलेला, पंडितांनी त्याला संस्कृत अंगरखा चढवला. पण चढवताना नेमके भय त्यात शिवले. उलट युरोपीय रसायनशास्त्रज्ञ झेर्ट्युर्नर ह्याने १८०५ च्या सुमारास अफूतले सत्त्व वेगळे काढले तेव्हा त्याने ग्रीकांच्या स्वप्नदेवतेचे, मॉर्फियसचे, नाव त्याला दिले. एकाला त्यात साप दिसला, दुसऱ्याला स्वप्न. दोघेही खरेच होते. आपल्या मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत: 'जालीम'. जालीम औषध म्हणजे हमखास गुणकारी. जालीम माणूस म्हणजे निर्दय.

हे प्रकरण आपल्याला नवे आहे असेही नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देत. तिच्यात अफू असे. मूल दिवसभर निजून राही आणि आई साच्यावर उभी राहू शके. काही मुले उठत नसत. त्या बायकांना दुष्ट म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. त्यांच्या हाताशी गोळी होती. विचारायला कोणी नव्हते.

'विचारायला कोणी' ही कल्पना प्रत्यक्षात आली ती शिकागो शहरात, १९५३ साली. तिथल्या एका रुग्णालयात लुई गडालमन नावाचे औषधतज्ज्ञ होते. निरनिराळ्या विषांची आणि त्यांवरच्या उपायांची माहिती ते वर्षानुवर्षे कार्डांवर टिपून ठेवीत, आणि ठिकठिकाणचे डॉक्टर अडले की त्यांना फोन करीत. मुले घरातली औषधे आणि रसायने गिळतात, ही काळजी तेव्हा बालरोगतज्ज्ञांना लागून राहिली होती. डॉ. एडवर्ड प्रेस ह्यांच्या पुढाकाराने शहरातल्या रुग्णालयांनी मिळून पहिले विषबाधा नियंत्रण केंद्र काढले. आज त्या देशात अशी पन्नासहून अधिक केंद्रे आहेत, आणि २००२ पासून साऱ्यांसाठी एकच नंबर आहे. वर्षाला वीस लाखांच्या आसपास विषबाधेच्या प्रसंगांत लोक त्यांचा सल्ला घेतात. त्यांतल्या दर तीन प्रसंगांपैकी जवळजवळ दोन, रुग्णालयाची पायरी न चढता, फोनवरच निभावतात. माझ्या भाच्याच्या पुडीचा त्यातच समावेश!

परंतु त्याच अमेरिकेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९६ साली तेथे ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आली. तिची सवय क्वचितच लागते असे डॉक्टरांना पटवण्यात आले, आणि पाठदुखीपासून दातदुखीपर्यंत असल्या गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. पुढे लोक गोळ्यांकडून हेरॉइनकडे आणि चोरट्या फेंटॅनिलकडे वळले. २०२१ ह्या एका वर्षात त्या देशात अमली द्रव्ये आणि औषधे ह्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या सुमारे ऐंशी हजारांच्या मृत्यूत अफूच्या कुळातले द्रव्य होते. ती गोळी विकणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीने २०२० साली न्यायालयात गुन्हे कबूल केले. २०२३ पासून नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो. मृत्यूंचा आकडा २०२४ मध्ये बराच उतरला. पण जे गेले ते गेले.

आपली कथा उलटी आहे. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफूचे कारखाने असलेल्या आपल्या देशात १९८५ च्या कडक कायद्यानंतर मॉर्फीन इतके दुर्मीळ झाले की, लाखो कर्करोगी कण्हत मेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल ह्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे झगडून २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती घडवून आणली. म्हणून, हा लेख वाचून कोणी आपल्या आजारी माणसाची मॉर्फीनची गोळी भीतीने बंद करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. नानांचे शेवटचे महिने मी पाहिले आहेत. साप त्या गोळीत नव्हता. तो आम्ही न उघडलेल्या डब्यात होता.

आणि मॉर्फीनच कशाला? ट्रॅमाडॉल अनेक घरांत सांधेदुखीसाठी असते, कित्येकदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत. २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, ते उगाच नव्हे. अतिमात्रेने त्याचे झटकेही येतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फीन इतक्या झपाट्याने होते की, अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना कोडीन व ट्रॅमाडॉल देऊ नये असे बजावले. वेदनेसाठी त्वचेवर चिकटवायची फेंटॅनिलची पट्टी वापरून काढली तरी तिच्यात पुष्कळ औषध उरलेले असते. तिकडे लहान मुलांनी ती अंगाला चिकटवून वा तोंडात घालून प्राण गमावले आहेत.

आता राहिला तो प्रश्न, ज्याचे उत्तर मला त्या रात्री देता आले नव्हते. आई रुग्णालयात उशीला टेकून बसली होती. मी बराच वेळ इकडचे तिकडचे बोललो आणि मग धीर करून विचारले, "आई, तू त्या गोळ्या... कशासाठी घेतल्यास?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला काय विचारायचे आहे ते तिने ओळखले. मग म्हणाली, "अरे वेड्या, मरायचं असतं तर भाजणी भिजवली असती का? गुडघा दुखत होता रे. कपाट आवरताना खाली बसले ती उठता येईना. ह्यांना त्या गोळीनं लगेच बरं वाटायचं, म्हणून दुपारी एक घेतली. उतार पडला नाही म्हणून आणखी एक. संध्याकाळी पुन्हा."

"इतका दुखतो गुडघा? कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"ह्यांचं एवढं मोठं दुखणं घरात चाललेलं. त्यात माझा गुडघा कुठं मध्ये आणू? मग ते गेले. मग राहूनच गेलं."

तीन-चार वर्षे! नानांच्या वेदनेला आम्ही दहापैकी किती, असे रोज विचारून वहीत आकडे मांडीत होतो. त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात दुसरी वेदना उभी होती, आणि तिला कोणी आकडा विचारला नव्हता. दिल्लीच्या अनोळखी माणसाने पाच मिनिटांत आईविषयी जेवढे प्रश्न विचारले तेवढे मी तीन वर्षांत विचारले नव्हते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते वगळले तर लेख खोटा होईल.

आता आईचा गुडघा योग्य डॉक्टरांच्या हाती आहे. व्यायाम, शेक आणि तिच्या मूत्रपिंडाला सोसेल असे औषध, ह्यांवर ती बरी आहे. नानांचा डबा मी कर्करोग रुग्णालयाच्या औषध विभागात नेऊन दिला. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ साली अशा सतरा औषधांची यादी दिली आहे, जी उरली तर घरात ठेवू नयेत, शौचकुपात टाकून पाणी सोडावे. तिच्यात मॉर्फीन, फेंटॅनिल आणि ट्रॅमाडॉलही आहेत. बाकीची औषधे आता कुलपात असतात, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर ज्याचे त्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते.

आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर, आईने स्वतःच्या हाताने लिहिले आहे: विषबाधा, दिल्ली, १८०० ११६ ११७. खाली कंसात: माणूस जागा होत नसेल किंवा श्वास मंद असेल तर आधी १०८. वाचकहो, फराळाचे ताट हातात घेण्यापूर्वी एवढ्या दोन ओळी आपल्याही भिंतीवर उतरवून घ्या. कोणी चुकीची गोळी घेतली, जास्त घेतली, मुलाने काही गिळले, तर वाट पाहू नका आणि लाजू नका. पलीकडचा माणूस रागवत नाही. तो फक्त विचारतो.

त्याच्या प्रश्नांतला एक मात्र फोनची वाट न पाहता आजच घरात विचारून ठेवावा. 'कुठे दुखते आहे?' हा तो प्रश्न. आमच्याकडे तो आता रोज रात्री विचारला जातो. आई कधी कधी कंटाळून म्हणते, "पुरे रे, दर दिवशी काय तेच!" पण उत्तर देते. आणि तिचे वजनही आता आम्हाला पाठ आहे. अटीप्रमाणे येथे देत नाही.